‘वतन’ आणि ‘उपरा’ : मराठी कथनसाहित्यातील स्थलांतराची कारणमीमांसा
(मंद्रूप परिसराच्या संदर्भात)

माणसे एक गाव सोडून दुसऱ्या गावी का जातात, हा प्रश्न भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शास्त्रांनी आपापल्या परीने हाताळला आहे. रॅव्हेन्स्टाइनने १८८५ मध्ये स्थलांतराचे काही सर्वसाधारण नियम मांडले. एव्हरेट ली याने १९६६ मध्ये मूळ ठिकाणाहून लोटणारी कारणे, नव्या ठिकाणाकडे ओढणारी कारणे आणि मधले अडथळे अशी त्यांची विभागणी केली. ही विभागणी आज पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून सर्रास शिकवली जाते. तिचा उपयोग निर्विवाद असला, तरी तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. माणूस मुळात एका ठिकाणचा असतो, तेथे राहणे ही त्याची स्वाभाविक अवस्था आणि जाणे हा अपवाद, असे ते गृहीत होय. मराठी कथनसाहित्य बारकाईने वाचले असता या गृहीतालाच धक्का बसतो. ‘माणसे का जातात’ या प्रश्नाच्या आधी ‘राहण्याचा हक्क कोणाला होता’ हा प्रश्न विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे काही महत्त्वाच्या मराठी कलाकृतींचे पुनर्वाचन केले आहे. त्यासाठी मंद्रूप हा दक्षिण सोलापूर तालुक्यातील परिसर पार्श्वभूमी म्हणून घेतला आहे.

मंद्रूप सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील ज्वारीचा हा मुलूख. येथील घराघरांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा वावर आहे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे मराठीच्या आरंभीच्या ज्ञात लेखांत गणला जाणारा शके ९४० (इ.स. १०१८) चा शिलालेख आहे. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची वचने मात्र कन्नडात आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. या पट्ट्यातील माणसे जागची हलली नव्हती, परंतु त्यांच्या सोयरिकींच्या मधून राज्याची सीमा गेली. ‘आपण कोठले’ या प्रश्नाचे उत्तर अशा प्रदेशात सरळ देता येत नाही. म्हणूनच स्थलांतराचा विचार येथून सुरू करणे उपयुक्त ठरते.

१. शब्दांची साक्ष

‘स्थलांतर’ हा शब्द संस्कृत घडणीचा असून तो शासकीय आणि शास्त्रीय लेखनात रुळलेला आहे. बोलीत तो क्वचितच ऐकू येतो. बोलीत माणूस ‘जगायला’ जातो, ‘पोट भरायला’ जातो, ‘तोडीला’ जातो. कर्जापायी किंवा भयापोटी गेला तर तो ‘परागंदा’ होतो. सारेच गमावले तर ‘देशोधडीला’ लागतो. बदलीवर गेला तर ‘बिऱ्हाड हलवतो’. लेक ‘नांदायला’ जाते. साथीने किंवा धाडीने सारेच गेले तर ‘गाव उठते’. जाण्याच्या या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र क्रियापद असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. या शब्दांत जाण्याचे कारण आणि परतीची शक्यता या दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत. ‘जगायला’ गेलेला परत येण्याची अपेक्षा असते. ‘परागंदा’ झालेल्याची ती नसते. ‘परागंदा’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे.

याहून महत्त्वाची साक्ष ‘वतन’ या शब्दाची आहे. अरबी-फारसीत वतन म्हणजे जन्मभूमी, स्वदेश. मराठीत आल्यावर या शब्दाने निराळाच अर्थ धारण केला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, महारकी अशा वंशपरंपरागत कामाचा आणि त्या कामाच्या मोबदल्याचा हक्क म्हणजे वतन. जन्मभूमीचा वाचक शब्द हक्काचा वाचक व्हावा, यातून मराठी ग्रामव्यवस्थेचा एक मूलभूत विचार प्रकट होतो. ज्याला गावात हक्क त्याचे ते गाव. केवळ जन्म पुरेसा नाही.

जमिनीच्या बाबतीत हाच भेद ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ या दोन शब्दांनी व्यक्त होत असे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने चालत आलेली असे. उपरी हा बाहेरून आलेला, ठरावीक काळापुरती जमीन कसणारा. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालासह इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या कागदपत्रांत या भेदाची नोंद आहे. त्यातील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीची आहे. मिरासदार दुष्काळात किंवा धामधुमीत गाव सोडून गेला, तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. दीर्घ काळाने परत येऊनही तो आपली जमीन मागू शकत असे. उपऱ्याला असा आधार नव्हता. दुष्काळ दोघांवर सारखाच कोसळत असला, तरी दोघांचे जाणे सारखे नव्हते. एकाच्या जाण्याला परतीची वाट होती, दुसऱ्याच्या जाण्याला नव्हती. मराठी साहित्यातील स्थलांतराचे वाचन करताना हा भेद किल्लीसारखा उपयोगी पडतो.

२. ‘बनगरवाडी’ : दुष्काळ हे कारण की निमित्त?

दुष्काळ हा मराठी वाङ्मयाचा जुना विषय आहे. मंद्रूपपासून फार दूर नसलेल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा संतचरित्रांनी घरोघर पोचवली. सतराव्या शतकातील १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळाचा चटका तुकोबांच्या संसाराला बसला. रामदासांनी ‘अस्मानी सुलतानी’ या रचनेतून उद्ध्वस्त मुलखाचे चित्र रेखाटले. ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ हा जोडशब्द मराठी मनाने विपत्तीच्या कारणांची केलेली एक नेमकी वर्गवारीच आहे. पुढील काळात मात्र स्थलांतराची चर्चा करताना ‘अस्मानी’वरच भर राहिला आणि ‘सुलतानी’ मागे पडली.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी याचे ठळक उदाहरण आहे. तत्कालीन औंध संस्थानातील एका लहानशा धनगरवाडीत तरुण मास्तर येतो. अविश्वासाने पाहणारी वाडी हळूहळू त्याला आपला मानू लागते. तालीम उभी राहते. मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात आणि घरामागून घर ओस पडत जाते. अभ्यासकांनी या कादंबरीचा नायक म्हणून वाडीकडे पाहिले आणि तिच्या शेवटाकडे निसर्गापुढील मानवी हतबलतेची शोकात्मिका म्हणून पाहिले. हे वाचन चुकीचे नाही. तथापि ते अपुरे आहे.

कादंबरीतील घटना पाऊस चांगला असतानाच्या काळापासून नीट तपासल्या, तर वाडीच्या जगण्यातील ओढाताण तेव्हाही दिसते. जोडीचा बैल नसल्यामुळे शेतकऱ्याच्या बायकोने स्वतःच्या खांद्यावर जू घेण्याचा प्रसंग दुष्काळातील नाही. तो रोजच्या दारिद्र्याचा आहे. रामोशाच्या जगण्याला तर वाडीत स्थैर्य असे नाहीच. धनगराला मेंढरे आहेत. मेंढरे म्हणजे चालती मालमत्ता, आणि तिच्यामागे चालणे हा त्याच्या जीवनक्रमाचाच भाग आहे. म्हणजेच ‘वाडी जगायला बाहेर पडली’ या एका वाक्यात बसवलेले जाणे प्रत्यक्षात अनेक प्रकारचे आहे. कोणी कळप घेऊन जातो, तर कोणी केवळ हातपाय घेऊन.

या जाण्यांत खुद्द मास्तरचेही एक जाणे आहे. मुले नाहीत म्हणून शाळा नाही आणि शाळा नाही म्हणून मास्तरही निघतो. परंतु तो नोकरीवर आलेला आहे. त्याच्या मागे संस्थानची नेमणूक आहे, पुढे दुसरे गाव आहे. तो निवेदक असल्यामुळे कादंबरी त्याच्याबरोबर वाडीच्या शिवेपर्यंत येते आणि थांबते. वाडीतून गेलेली माणसे कोठे गेली, तेथे त्यांना कोणी उभे केले, त्यांच्यापैकी कोण परत आले, हे सांगणे तिच्या कक्षेत येत नाही. हा कादंबरीचा दोष नव्हे, ती तिच्या निवेदनदृष्टीची मर्यादा आहे. आक्षेप घ्यायचा तर तो समीक्षेवर घ्यावा लागेल, कारण तिने ही मर्यादाच ग्रामीण स्थलांतराचे पूर्ण सत्य मानली.

याच लेखकाने ‘वावटळ’मध्ये गांधीहत्येनंतरच्या, म्हणजे १९४८ च्या, जाळपोळीत गावाशी तुटलेले नाते चित्रित केले आहे, ही बाब येथे आवर्जून नोंदवावी लागते. तेथे पाऊस, मेंढरे, ज्वारी यांचा संबंध नाही. तेथे वतनदार वर्गातील माणसालाच गाव परके होते. गावात घर असणे आणि गावाने आपले मानणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याची प्रचीती या कादंबरीतून येते. ‘बनगरवाडी’ आणि ‘वावटळ’ एकत्र वाचल्या, तर एकाच लेखणीने ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ अशी जाण्याची दोन्ही कारणे हाताळल्याचे दिसते. अभ्यासक्रमात मात्र या दोन कादंबऱ्या क्वचितच शेजारी ठेवल्या जातात.

३. राहण्याचा हक्क नसलेली माणसे

१९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाला गाव सोडण्याची एक अगदी निराळी बाजू दिसली. या आत्मकथनाचे निवेदन मुंबईतील कावाखाना आणि नगर जिल्ह्यातील गाव यांच्यात सतत ये-जा करते. नाव गावगाड्यातील हिश्शाचे आणि प्रत्यक्ष जीवन दोन ठिकाणी विभागलेले, हा विरोधाभासच या ग्रंथाचा गाभा आहे. बलुते हा हक्क होता हे खरे. परंतु तो अपमानासह मिळणारा हक्क होता. गावकीची कामे, मेलेली गुरे ओढणे, दारोदार भाकरी मागणे या साऱ्यांच्या बदल्यात तो मिळत असे. अशा ‘वतना’ने माणसाला गावात ठेवले, पण गावाचे केले नाही. महारवतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीर्घकाळ लढा दिला आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या उदात्तीकरणाला जो नकार दिला, त्यामागे हाच अनुभव होता. येथे शहर केवळ पोटासाठी ओढत नाही. शहरात माणसाची जात सहजी ओळखू येत नाही, ही ओढ अधिक मोठी आहे. लोटणारी आणि ओढणारी कारणे वेगळी करता येत नाहीत, कारण एकच गोष्ट दोन्ही कामे करते.

‘बलुतं’मध्ये हक्क अपमानाचा होता, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये हक्कच नाही. कैकाडी कुटुंब गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरते. कणग्या आणि टोपल्या विणणे हा त्याचा व्यवसाय. गावाला टोपली हवी असते, टोपली विणणारा गावात राहायला नको असतो. या आत्मकथनाचे शीर्षक केवळ भावनिक परकेपणाचे सूचक नाही. मागे उल्लेखिलेल्या मिरासदार-उपरी या भेदाची आठवण ठेवून ते वाचले, तर त्यात मराठी ग्रामव्यवस्थेच्या इतिहासाचा एक अध्यायच सामावलेला आहे. या कुटुंबाला ‘तुम्ही का जाता’ असे विचारणे निरर्थक ठरते. त्यांना विचारायचा प्रश्न ‘तुम्हाला कोठे राहू दिले गेले’ हाच आहे. ‘उपरा’मध्ये शिक्षणाला जे महत्त्व येते, ते याच कारणाने. मुलाला शाळेत घालायचे तर बिऱ्हाड एका जागी थांबले पाहिजे. म्हणजे या कुटुंबाच्या दृष्टीने प्रगती हे जाण्याचे नव्हे, तर थांबण्याचे दुसरे नाव आहे.

याच प्रश्नाची तिसरी बाजू सोलापूर शहराच्या इतिहासात सापडते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. या जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी वसाहत सोलापुरात होती. शहराचा तो भाग अद्याप ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या. म्हणजे एकीकडे भटक्यांना गाव राहू देत नव्हते आणि दुसरीकडे सरकार त्यांना जाऊ देत नव्हते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मधील पोलिसांच्या नजरेखालचे जगणे या संदर्भात वाचले पाहिजे. मंद्रूपला लागूनच असलेल्या अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर येथील शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये तर हा प्रश्न गावाच्याही आत शिरतो. ज्याच्या बापाचे नाव लावण्यावरच वाद, त्याचे गाव कोणते? गाव, आडनाव, जात आणि हक्क यांची साखळी एका कडीपाशी तुटली की माणूस गावात राहूनही उपरा होतो.

या आत्मकथनांच्या उजेडात ‘बनगरवाडी’कडे परत वळले, तर दुष्काळाचे स्थान नेमके ठरवता येते. दुष्काळ हे निमित्त आहे. कोणी जावे, कोणत्या क्रमाने जावे आणि कोणी परतावे, हे दुष्काळ ठरवत नाही. ते हक्कांची आधीच झालेली वाटणी ठरवते.

४. गिरणी, ऊस आणि धरण

ही वाटणी इंग्रजी अमलात बदलली. रयतवारीत जमीन विकण्याजोगी आणि गहाण टाकण्याजोगी वस्तू बनली. मिरासदार आणि उपरी हा भेद कागदोपत्री मावळत गेला, पण त्याची जागा धनको आणि ऋणको या भेदाने घेतली. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्या मागोमाग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्याच दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ती ओळखली गेली. जमिनीतून सुटलेल्या हातांना गिरणीने काम दिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला हातमागाची आणि चादरीची ओळख दिली. मंद्रूपसारख्या गावाला मुंबईपेक्षा सोलापूर जवळचे होते. बहुसंख्य माणसे जवळच्या अंतरावरच जातात, हा रॅव्हेन्स्टाइनचा नियम येथेही खरा ठरतो.

गिरणीने मजुरी दिली, पण हक्क दिला नाही. गिरणी बंद पडली की कामगार पुन्हा उपरा होतो. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतरची वाताहत जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात एका कामगार कुटुंबाच्या रूपाने उभी राहते. ‘अधांतर’ हे शीर्षकही गाव आणि शहर यांच्यापैकी कोठेच पाय न टेकलेल्या पिढीचे वर्णन म्हणून वाचता येते.

उसाचे गणित याहून निराळे आहे. भीमेच्या काठाने ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले आणि या भागातून सोलापूर-पुण्याकडे माणसे जात असतानाच बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येथे येऊ लागल्या. एकाच परिसरातून जाणे आणि येणे एकाच वेळी घडते, हे वास्तव ‘गरीब गाव - संपन्न शहर’ अशा सरळ विभागणीत बसत नाही. तोडणीच्या व्यवहाराची भाषाही बोलकी आहे. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे निघण्यापूर्वीच श्रम गहाण पडलेले असतात आणि माणसाची गणना अवजाराच्या नावाने होते. येथे जाण्याचे कारण समोरची भूक एवढेच नसते. आधी घेतलेली आणि बहुधा खर्चही झालेली रक्कम हे ते कारण असते. ‘परागंदा’ माणूस कर्जापासून पळतो, ‘तोडीला’ जाणारा कर्जाच्या दिशेने चालतो. या अनुभवाला मराठी कथनसाहित्यात मिळालेली जागा त्याच्या व्याप्तीच्या मानाने तोकडी आहे.

ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्या पाण्यानेही माणसे हलवली. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील गावे उठली. धरणातून सोडलेले पाणी भीमेच्या पात्रातून मंद्रूपच्या दक्षिणेस टाकळी-औज येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून सोलापूर शहराला मिळते. वरच्या अंगाचे गाव उठले म्हणून खालच्या अंगाचे शहर टिकले, असा हा संबंध आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची जी कहाणी सांगितली, तिचा अर्थ येथे उलगडतो. ज्यांच्याकडे सातबारा होता, घर होते, देवस्थान होते, पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता, अशा मिरासदारांनाच एका शासकीय निर्णयाने उपरे केले. नव्या गावठाणात त्यांना जमीन मिळाली तरी जुने गावकरी त्यांना परकेच मानतात. हक्क कागदावर बदलून देता येतो, गावपण बदलून देता येत नाही.

येथे एका विरुद्ध प्रयत्नाचाही विचार करावा लागेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजारो माणसे जगली. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. त्याचा आशय असा की, गावाजवळ काम मागणे हा प्रौढ व्यक्तीचा हक्क आहे. हक्कावाचून राहणाऱ्याला गावात राहण्यासाठी दिलेले हे आधुनिक वतन होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अंमलबजावणीतील उणिवा सर्वज्ञात आहेत. तरीही स्थलांतर रोखायचे तर केवळ धान्य पुरवून भागत नाही, हक्क द्यावा लागतो, ही त्यामागची समज मोलाची होती.

५. नांदायला जाणे

स्थलांतराच्या चर्चेत हमखास वगळला जाणारा प्रकार म्हणजे लग्नानंतर लेकीचे सासरी जाणे. भारतीय जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण सातत्याने विवाह हेच नोंदले गेले आहे. कमी अंतराच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, हे रॅव्हेन्स्टाइनच्याही लक्षात आले होते. मराठीत या अनुभवाची अभिव्यक्ती फार जुनी आणि फार समृद्ध आहे. जात्यावरची ओवी ही एका अर्थाने स्थलांतरित स्त्रीची रचना आहे. माहेरची वाट, भावाची चाहूल, मधली नदी, सणाला मिळणारा किंवा न मिळणारा निरोप हे ओवीचे ठरलेले विषय आहेत. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही सासर-माहेर हे द्वंद्व केंद्रस्थानी आहे.

मंद्रूपसारख्या सीमाभागात या जाण्याला आणखी एक पदर आहे. भीमेपलीकडची कन्नड बोलणारी मुलगी अलीकडच्या मराठी घरात येते, अलीकडची पलीकडे जाते. सासरबरोबर स्वयंपाकघराची भाषाही बदलते. आईजवळ बसून शिकलेली गाणी एका भाषेतील आणि लेकराला म्हणायची अंगाई दुसऱ्या भाषेतील, असा हा अनुभव आहे.

हक्काच्या दृष्टीने पाहता लेकीचे स्थान विलक्षण आहे. माहेरी ती परक्याचे धन, सासरी परक्याची लेक. जन्माने मिळालेले गाव तिचे राहत नाही आणि नांदायला मिळालेले गाव नवऱ्याच्या नावाने तिचे होते. वतन आणि मिरास यांची वारसदारी पुरुषाकडून पुरुषाकडे जात असल्यामुळे स्त्रीचे उपरेपण हे ग्रामव्यवस्थेतील अपवाद नसून तिचा पायाच होते. तिच्या जाण्याला ‘स्थलांतर’ म्हटले जात नाही, कारण ते सर्वांनीच स्वाभाविक मानले आहे. जे सर्वांत मोठे ते सर्वांत अदृश्य राहिले.

परगावी गेलेल्या पुरुषाच्या मागे गावात राहणारी स्त्री ही याच चित्राची दुसरी बाजू होय. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या कुटुंबातील अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना’ या छक्कडीत मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह गायला आणि त्याच रचनेत तो विरह सीमाभागापासून तुटलेल्या महाराष्ट्राच्या विरहाशी जोडला. एका माणसाच्या गाव सोडण्याला एका भाषिक समाजाच्या तुटलेपणाचे परिमाण देणारी ही रचना सीमेवरच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी.

६. तीन कप्प्यांतील एक कथा

वरील विवेचनावरून मराठी समीक्षेच्या एका सवयीकडे लक्ष वेधावे लागते. ग्रामीण साहित्य, दलित साहित्य आणि महानगरीय साहित्य असे प्रवाह आपण मानले. ऐतिहासिकदृष्ट्या ही वर्गवारी आवश्यक होती. ज्यांचा आवाज ऐकला जात नव्हता त्यांना तिने व्यासपीठ दिले. परंतु स्थलांतराच्या बाबतीत या वर्गवारीने एका सलग अनुभवाचे तीन तुकडे केले. गाव सोडेपर्यंतची कथा ग्रामीण साहित्यात गेली. गावात हक्क का नव्हता, ही कथा दलित आणि भटक्यांच्या आत्मकथनांत गेली. शहरात पोचल्यानंतरची कथा नारायण सुर्वे यांची कविता, जयवंत दळवी यांची ‘चक्र’, मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ अशा कलाकृतींच्या निमित्ताने महानगरीय साहित्यात गेली. तीन प्रश्नपत्रिका, तीन पाठ्यपुस्तके. माणूस मात्र एकच.

या विभागणीचा परिणाम अर्थनिर्णयनावर झाला. ग्रामीण कादंबरीतील रिकामे गाव निसर्गाचे बळी ठरले, कारण हक्काचा प्रश्न दुसऱ्या कप्प्यात होता. महानगरीय कादंबरीतील झोपडपट्टी शहराचे पाप ठरली, कारण ती माणसे आली कोठून हे तिसऱ्या कप्प्यात होते. शिक्षणासाठी घर सोडण्याची धडपड सांगणारी आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७), शहरात शिकून गावी परतणारा ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर आणि शिकूनही शेतीत अडकलेला सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) मधील एकनाथ हे तिघे एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. शिक्षण माणसाला गावातून बाहेर काढते. पुढे कोठे नेते, याची हमी देत नाही. तथापि या तीन कलाकृतींचा एकत्रित विचार या अंगाने फारसा केला जात नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा शहरांतून गावांकडे पायी निघालेली माणसे साऱ्या देशाने पाहिली. ८ मे २०२० रोजी जालन्याहून निघालेल्या सोळा मजुरांचा औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेरुळांवर मृत्यू झाला. ही माणसे गावी का निघाली, याचे उत्तर गावाच्या ओढीने पूर्णपणे मिळत नाही. ज्यांच्या श्रमावर शहर चालले, त्यांना शहराने राहण्याचा हक्क दिलेला नव्हता. अनेकांची शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, डोक्यावरचे छप्पर गावातच होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या उपऱ्याची आणि या मजुराची जात-भाषा निराळी असेल, पण स्थिती एकच आहे.

निष्कर्ष

१) मराठी कथनसाहित्यात दुष्काळ हे स्थलांतराचे सर्वाधिक दृश्य कारण असले, तरी कलाकृतींचा अंतर्गत पुरावा ते निमित्तकारण असल्याचे दर्शवतो. गावावरील हक्काची विषम वाटणी हे मूळ कारण आहे.

२) ‘वतन’, ‘मिरास’ आणि ‘उपरी’ या ऐतिहासिक संज्ञा हे मराठी स्थलांतरकथनाच्या वाचनाचे समर्थ साधन ठरू शकतात. लोटणारी आणि ओढणारी कारणे ही विभागणी या संज्ञांच्या जोडीने वापरली तरच येथील वास्तव पकडता येते.

३) स्थलांतरात ‘जाणे’ जितके महत्त्वाचे, तितकेच ‘परतीची वाट असणे’ महत्त्वाचे आहे. बोलीतील क्रियापदे हा भेद जपतात. ‘स्थलांतर’ हा शास्त्रीय शब्द तो पुसून टाकतो.

४) विवाहामुळे होणारे स्त्रियांचे स्थलांतर आणि ऊसतोडणीचे हंगामी स्थलांतर यांना स्थलांतरसाहित्याच्या अभ्यासात मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल.

५) ग्रामीण, दलित आणि महानगरीय या प्रवाहांच्या सीमा ओलांडून वाचन केल्याशिवाय स्थलांतराची सलग कथा हाती लागणार नाही.

भीमा आणि सीना यांच्या दुआबात वसलेल्या मंद्रूपसारख्या गावच्या रस्त्यावर हंगामात तोडीच्या टोळ्या उतरतात आणि त्याच रस्त्यावरून गावची मुले शिकायला व कामाला बाहेर पडतात. या दोन्ही प्रवाहांतील माणसांना ‘तुम्ही का निघालात’ असे विचारले, तर ते बहुधा पाऊस, पैसा किंवा लग्न यांपैकी एखादे कारण सांगतील. साहित्याच्या अभ्यासकाने तेवढ्यावर थांबू नये. ज्या गावातून ते निघाले, तेथे त्यांचे काय होते आणि ज्या गावी ते पोचतील, तेथे त्यांचे काय होणार आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.